खोली बारा फुटी, कर्णा तेरा फुटी

कर्ण्याचे स्पीकर घरात आणायचे तर पहिलं काम म्हणजे घरच्यांसमोर 'कर्णा' हा शब्द न काढणं. बारामतीजवळच्या आमच्या पिंपळीत कर्णा म्हणजे देवळावरचा. चार दिशांना चार तोंडं, पहाटे काकडा, सप्त्यात कीर्तन, आणि मधेच "कुणाची तरी शेळी पारावर बांधून ठेवलीय, ज्याची आसंल त्यानं घेऊन जावी." गेली चाळीस वर्षं त्यानं गावाची झोपमोड केली. आता तोच पदरचे पैसे घालून उशापाशी आणायचा, हे शहाण्या माणसाला पटणारं नाही. म्हणून सुरुवातीला 'हॉर्न' म्हणावं. आई विचारेल, "ट्रॅक्टरला का?" हो म्हणावं. पुढचं पुढे.

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. मी स्वतः सहा वर्षं नवशिक्या आहे, त्यामुळे अनुभव दांडगा.

खोली

परदेशी मासिकांत गाणं ऐकण्याची वेगळी खोली असते. तशी आपल्याकडेही असते, फक्त तिच्यात सध्या गव्हाची पोती, युरियाच्या दोन गोण्या, गणपतीचं मखर, बंद पडलेला कूलर आणि कॉलेजला आलेला भाचा राहतो. भाचा हलवता येईल. पोती हलवू नका. स्लॅबच्या, गिलावा केलेल्या मोकळ्या खोलीत मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीला शेपूट फुटल्यासारखा 'टर्रर्र' ऐकू आला, तर आवाज समोरासमोरच्या भिंतींत चेंडूसारखा उसळतोय. मग त्या भिंतींवर आजीच्या गोधड्या टांगा, खाली घोंगडं अंथरा, पोती कोपऱ्यात रचा. टाळी 'ठप्' झाली की थांबा. कुणी विचारलं तर "गोधड्यांना ऊन देतोय" म्हणायचं. खोलीत ऊन येत नाही हे कुणाच्या लक्षात यायला आमच्याकडे तीन आठवडे लागले.

गोधडीनं तार सप्तक आवरतं, खर्ज नाही. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींच्या मध्ये अडकून उभा राहतो. तो भिंतीला टेकून बसलेल्याला ढोलासारखा ऐकू येतो आणि बरोबर मधोमध खुर्ची टाकून बसलेल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणजे तुम्ही सगळा खर्च करून मधल्या खुर्चीत बसता, आणि खर्ज मिळतो तो भिंतीशी शेंगा फोडत बसलेल्या चुलत्यांना. खुर्ची फूट-दीड फूट मागे घ्या.

कर्णा करतो काय

उसाच्या चार सऱ्या पलीकडे असलेल्या माणसाला हाक मारताना आपण दोन्ही हातांची ओंजळ तोंडाभोवती धरतो. फुफ्फुसं तीच, गळा तोच, पण हाक बांधापलीकडे जाते. एवढं समजलं की कर्णा समजला.

ज्यांना याहून जास्त समजून घ्यायचंय त्यांच्यासाठी: स्पीकरचा पडदा जड, हवा हलकी. उघड्यावरच्या पडद्यानं हवा ढकलणं म्हणजे घणानं कापूस पिंजणं. घण दमतो, कापूस तसाच. कर्ण्याच्या गळ्याशी मात्र हवा अरुंद जागेत कोंडलेली असते, ती पडद्याला दाद देते. तिथला थोड्या जागेतला मोठा दाब पुढे हळूहळू पसरत तोंडाशी मोठ्या जागेतला छोटा दाब होतो. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्ससारखंच हे. साध्या पेटीतला स्पीकर १ वॉटला १ मीटरवर साधारण ८८ डेसिबल देतो. म्हणजे १०० वॉट ओतले तर अर्धा वॉटसुद्धा आवाज होत नाही, बाकी सगळी ऊब. चांगला कर्णा त्याच १ वॉटला १०५ डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे पन्नासपट. पाटानं पाणी देणं आणि ठिबक, एवढा फरक. बारामतीत हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

म्हणूनच सुरुवातीला सगळं जग कर्ण्याचंच होतं. १९०२ साली कोलकात्यात फ्रेड गायसबर्गनं गौहरजानचं गाणं घेतलं तेव्हा त्या कामात वीज नव्हती. बाई कर्ण्यात गायल्या, त्या हवेच्या थरथरीनं सुई हलली, सुईनं मेणावर खाच पाडली. लोकांनी ते ऐकलं तेही ग्रामोफोनच्या कर्ण्यातून. विजेचं ध्वनिमुद्रण १९२५ पासून सुरू झालं. पण तेव्हाचे अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम काही वॉटचे, आणि समोर हजार माणसांचं थिएटर. म्हणून वेस्टर्न इलेक्ट्रिकनं १९२६ मध्ये ५५५ नावाचं युनिट काढलं आणि त्याच्यापुढे माणूस आत झोपू शकेल एवढे कर्णे लावले. १९३१ ला 'आलम आरा' आल्यावर आपल्याकडेही पडदा बोलू लागला. पुढे जत्रेतल्या तंबू टॉकीजनं हे सगळं गावोगाव नेलं. तंबूच्या बाहेर बांधलेल्या कर्ण्यातूनच निम्म्या गावानं फुकट सिनेमे 'ऐकले' आहेत. नंतर वॉट स्वस्त झाले, स्पीकर आळशी झाले, आणि कर्णा देवळावर गेला.

मोजमाप, आणि पहिलं रडू

नवशिका इथे हमखास फसतो, म्हणून जरा सावकाश.

कर्ण्याला भाव करता येत नाही. तो तुमचा पगार बघत नाही, ऊसबिल कधी निघणार हे विचारत नाही. तो फक्त लहरीची लांबी बघतो. ठरावीक सुरापर्यंत खाली उतरायचं असेल तर तोंडाचा घेर त्या सुराच्या लहरीएवढा हवा. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. ४० हर्ट्झला भागा: लहर साडेआठ मीटरच्या वर. तेवढा घेर म्हणजे तोंडाचा व्यास नऊ फूट. घातांकी पद्धतीनं, म्हणजे ठरावीक अंतराला ठरावीक पटीनं रुंदावत, सहा इंची गळ्यापासून तिथवर जायचं तर लांबी भरते जवळजवळ तेरा फूट. खोली बारा फुटांची. दार तीन फुटांचं.

यावर जगात लोकांनी काय काय केलंय! कुणी घराच्या भिंतीतच काँक्रीटचा कर्णा ओतून घेतलाय, कुणी जमिनीखाली भुयार खणून त्याचं तोंड दिवाणखान्यात काढलंय. हा विचार मी जेवताना सहज मांडून पाहिला. आई म्हणाली, "खड्डा खणायचाच हाय तर शोषखड्डा खण. मोरीचं पाणी रस्त्यावर जातंय, सरपंच दोनदा बोलून गेला."

जरा शहाणा मार्ग अमेरिकेतल्या पॉल क्लिप्शनं १९४६ मध्ये बाजारात आणला. कर्ण्याची पेटी खोलीच्या कोपऱ्यात बसवायची. दोन भिंती आणि जमीन मिळून कर्ण्याचा उरलेला भाग होतात. कोपऱ्यात तोंडाचं क्षेत्र आठवा हिस्सा पुरतं, आणि लांबी घड्या घालून कपाटाएवढ्या पेटीत मावते. बुद्धी अफाट. पण क्लिप्शसाहेबांना एकाच भिंतीचे दोन मोकळे कोपरे लागतात. आमच्याकडे ईशान्येला देव्हारा, नैऋत्येला तिजोरीचं कपाट, आग्नेयेला गॅस आणि वायव्येला ते मखर. वास्तुशास्त्र आणि ध्वनिशास्त्र यांची बैठक अजून व्हायची आहे.

म्हणून माझा सल्ला: ४० हर्ट्झचा हट्ट सोडा. पुरुषी गळ्याच्या तंबोऱ्याचा खर्ज सत्तरच्या आसपास असतो. अभंग, ख्याल, नाट्यगीत, भजनातला पखवाज, यांत त्याच्या फार खाली उतरण्यासारखं थोडंच असतं. त्याखालचं सगळं वरातीच्या मालकीचं आहे, आणि ते तुम्हाला घरात बसून मे महिनाभर फुकट मिळतं. खर्जासाठी साधी पंधरा इंची स्पीकरची पेटी ठेवा आणि कर्णा फक्त गळ्याच्या आवाजासाठी बनवा. जाणकार याला तडजोड म्हणतील. त्यांना आपल्या घरी बोलवू नका.

युनिट

कर्ण्याच्या मागे जे बसतं त्याला सगळे 'युनिट' म्हणतात. देवळावरच्या भोंग्याचं युनिट स्वस्त, आट्याचं, १ ३/८ इंची; पण ते साधारण बोलण्यापुरतं असतं, गाण्याचा वरचा झळाळ त्यात येत नाही. त्यापेक्षा एखाद्या साऊंडवाल्याकडून 'टॉप'मधलं काढलेलं युनिट बघा. लग्नसराई संपल्यावर, पाऊस लांबला की, तो गोड बोलतो. घेताना छोट्या आवाजावर बाईचा गळा लावून ऐका. 'स' म्हणताना खरखर आली तर पडदा गेलेला आहे. साऊंडवाला म्हणेल, "पाव्हणं, ते गाण्यातच हाय." गाण्यात नसतं.

तो विचारेल, अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा? आपल्या भागात वॉटला मान आहे. कमी सांगितलं तर सोयरीक मोडू शकते. पण हिशोब करा. १०५ डेसिबल १ वॉटला, म्हणजे घरात ऐकण्याजोगे ७५ डेसिबल एक मिलिवॉटला. वॉटचा हजारावा भाग! पाचशे वॉटचं धूड जोडलंत तर गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याची सूंऽऽ खोलीभर ऐकू येते, कारण कर्णा सुराबरोबर सुरसुरीही पन्नासपट करतो. दोन-चार वॉटचा, पण मुका बसणारा अ‍ॅम्प हवा. मी "तीन वॉट" म्हणालो तेव्हा साऊंडवाल्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या गाडीच्या नंबरप्लेटकडे, आणि विचारलं, "तीन हजार म्हनताय का?"

युनिटला खर्ज पाठवायचा नाही, पडदा फाटतो. दारात कुणीतरी बसवावं लागतं: ८ ओहमच्या युनिटला ८०० हर्ट्झच्या खालचं अडवायचं तर सुमारे २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ध्रुव नसलेला, फिल्मचा. असा उत्तम कपॅसिटर प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असतो: बोअरच्या सिंगल फेज मोटारीच्या पेटीत. रन कपॅसिटर म्हणतात तो. त्याच्या शेजारचा काळा, स्टार्टचा, घेऊ नका, तो गाण्याच्या कामाचा नाही. परदेशातले शौकीन मोटारीचे रन कपॅसिटर मुद्दाम शोधून आणतात. मेन स्विच बंद करा, काढण्याआधी त्याची टोकं रेझिस्टरनं जोडून उरलेला झटका उतरवा, आणि काढल्यावर घरात सांगा. ही शेवटची पायरी मी गाळली. पहाटे बायको टाकी भरायला गेली, मोटार नुसती 'घूं' करून बसली. वायरमनला बोलावलं, त्यानं पेटी उघडली आणि म्हणाला, "वहिनी, हितला एक डबा कुणीतरी नेलाय. भुरटं चोर असलं काय न्हेत नाहीत. घरातलंच कुणीतरी आसंल." तेव्हा मी आत तो डबा लावून तंबोरा ऐकत होतो. आवाज फार स्वच्छ होता.

प्रत्यक्ष बांधणी

आकार निवडताना पुस्तकं घातांकी, शंक्वाकार, अतिपरवलयी अशी नावं घेतील. तुम्ही ट्रॅक्ट्रिक्स घ्या, कारण तो शेळीनं काढता येतो.

बांधावर तुम्ही, आणि बांधाला काटकोनात दोरीभर अंतरावर रानात शेळी. आता बांधावरून सरळ चालू लागा. शेळीला यायचं नसतं. ती ओढली जाते, दोरी ताणलेली, आधी जवळजवळ बांधाकडेच सरकते, मग वळत वळत तुमच्या मागे लागते. बांधाच्या जवळ जवळ येत राहते, पण बांधावर पाय काही ठेवत नाही. तिच्या खुरांची जी रेघ उमटते ती ट्रॅक्ट्रिक्स. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये क्लोद पेरोनं खिशातलं घड्याळ साखळीनं टेबलावर ओढून ही रेघ गणितज्ञांपुढे टाकली होती. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या पॉल व्हॉइटनं तिचा कर्णा केला. बांध म्हणजे कर्ण्याचा आस, दोरीची लांबी म्हणजे तोंडाची त्रिज्या. ३०० हर्ट्झच्या कर्ण्याला १८ सेंटीमीटर दोरी लागते. एवढ्या छोट्या दोरीची शेळी मिळत नाही, म्हणून कागदावर पट्टी ठेवा, दोऱ्याला नट बांधा, दोऱ्याचं मोकळं टोक पट्टीच्या कडेनं सरकवत न्या आणि नट जिथून जाईल तिथे ठिपके देत चला. एक इंची गळ्यापर्यंत लांबी ४३ सेंटीमीटर येते, तोंडाचा व्यास ३६.

हा वक्र पत्र्यातून कापायचा, उभ्या गजाला बांधायचा आणि ओल्या प्लास्टर ऑफ पॅरिसभोवती फिरवायचा, की फर्मा तयार. त्यावर कर्णा कशाचा थापायचा? पत्र्याचा केला तर बोटाच्या पेरानं वाजवल्यावर टण्ण म्हणतो, आणि गाण्यातही तो स्वतःचा टण्ण मिसळतो. मग बाहेरून डांबर फासा. सागवान महाग. मी कागदाचा लगदा निवडला, कारण तो वाजवला तर ठप् एवढंच बोलतो. अंगणात घमेल्यात रद्दी भिजत घातली, मैद्याची खळ शिजवली. पहिला कर्णा फर्म्यावर थापला आणि एप्रिलच्या उन्हात ठेवला. संध्याकाळी त्याला तीन तडे होते, आणि वाळताना लगदा आक्रसून फर्म्याला असा आवळून बसला होता की दोघांपैकी एकाला फोडावं लागणार होतं. मी दोन्ही फोडले.

आई सोप्यातून बघत होती. ती उठून आली, घमेल्यात हात घालून लगदा चिमटीत चोळला आणि टाकून दिला. "ह्ये काय, खडं खडं ऱ्हायल्यात. तीन दिस भिजू दे. रोज पानी बदल. मग उखळात कुट." मग विचारलं, "मेथी घातली का?" मी स्पीकर बनवतोय हे सांगून पाहिलं. "मेथी न घालता कागुद टिकत न्हाई. कसर लागती." तिच्या माहेरी बायका लगद्याच्या टोपल्या करायच्या, धान्य ठेवायच्या, वर्षानुवर्षं टिकायच्या. मी खळीत मोरचूद घालणार होतो. तिनं तो हातातून काढून घेतला आणि मेथीचं पीठ मळलं. नव्या फर्म्यावर आधी तेलाचं फडकं फिरवलं, मग पातळ जुनेराचा एक थर, मग लगदा, अंगठ्यानं गळ्याकडून तोंडाकडे रेटत, कुठेही बोटाची वळी न ठेवता. दोन पेरं जाड नाही, एक पेर. सावलीत, पालथं, वर ओलं फडकं, पाच दिवस. सहाव्या दिवशी तिनं कडेला हलकेच मूठ मारली आणि कर्णा टोपी काढावी तसा हातात आला. आतून तिनं त्याला वाटीच्या बुडानं घोटून घोटून असा गुळगुळीत केला की माझ्या अठरा सेंटीमीटरच्या गणिताला कुठे धक्का लागला असेल तर तो मला सापडलेला नाही.

तसे दोन केले. तिथपासून ते कर्णे आईचे.

ऐकणं

कधी ऐकायचं, हे कायदा सांगतो आणि कालवाही सांगतो. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, हे २००० सालच्या नियमांत लिहिलंय. मिलिवॉटवर ऐकणाऱ्याला त्याची फारशी भीती नाही. खरी अडचण नीरा डाव्या कालव्याची. त्याचं आवर्तन सुटलं की तीनतालाचं आवर्तन सोडून दारं धरायला जावं लागतं, आणि पाळी नेमकी रात्रीची येते. आषाढी वारीला तुकोबांची पालखी बारामतीहून निघून लिमटेकवरून काटेवाडीकडे जाते, त्या दिवशी तर कर्ण्याला हातच लावू नका. रस्त्यानं येणाऱ्या टाळांपुढे तुमचं ते यंत्र बघवत नाही.

पहिल्या दिवशी काय लावायचं? जुनं लावा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आता सगळीकडे मिळतात. कर्ण्यावर त्यांची खरखर आधी येते, मग त्या खरखरीच्या पुढे, फूटभर जवळ, तो बारीक, कापरा, दुधाच्या सायीसारखा सूर येऊन थांबतो. माणूस नाही, पण माणसाचा श्वास घेण्याचा आवाज. मी डोळे मिटले होते. आतून आई ओरडली, "आरं बघ की, कुणाचं ल्येकरू रडतंय दारात!" यंत्राची याहून मोठी स्तुती कुठल्या मासिकात मी वाचलेली नाही, पण गाणं थांबवून मला दारात जाऊन बघून यावं लागलं.

सध्या डावा कर्णा चालू आहे. उजव्याचं युनिट दुरुस्तीला गेलं त्या आठवड्यात कोंबडीनं अकरा पिल्लं काढली. दिवेलागणीला आई कर्णा पालथा घालते आणि कोंबडी पिल्लांसकट खाली डालते. तोंडाचा घेर पुरेसा, वर गळ्याचं भोक हवेला, आणि लगद्याला मांजराची नखं लागत नाहीत. युनिट परत आलंय. दोन्ही कर्णे जोडून ऐकायचं असेल तर उजवीकडचा सकाळी उचलावा, पण आधी अंगणातलं मांजर कुठे आहे ते बघून.